तीनच्या घरात सहा

१

शेवटचं प्रकरण चोरीला गेलंय हे मला कळलं, तेव्हा ते जाऊन किमान तीन आठवडे झाले असावेत. चोराला मी फार दोष देत नाही. त्याने पाकीट जागेवर ठेवलं होतं, दोरा पूर्वीसारखा बांधला होता, आणि ‘प्रकरण दहावे, शेवटचे, जपून ठेवणे’ हे माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं. आत अकरा कागद होते. मोजून अकरा. फक्त ते आमच्याच जुन्या, बाद झालेल्या प्रुफांचे होते.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली हरवू नये म्हणून ती कपाटाशेजारीच टांगलेली असते.

मी प्रकाशक आहे. म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझा छापखाना आहे, आणि शिशाचे खिळे हाताने एकेक जुळवून, पायाने चालवायच्या यंत्रावर मी तिथे पुस्तकं छापतो. दर पुस्तकाच्या दोनशे प्रती. दोनशे चोखंदळ वाचक कुठे ना कुठे असतातच, अशी माझी श्रद्धा आहे. त्यातले दीडशे आपल्या पलंगाखाली असतात, असं बायकोचं म्हणणं.

हे पुस्तक बाईंचं होतं. बाईंनी चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला अक्षरं आणि आकडे गिरवायला शिकवले. गेल्या वर्षापासून त्यांची स्मृती पुसली जात होती; कालचं आधी, परवाचं नंतर. म्हणून त्या घाईघाईने आयुष्य लिहून काढत होत्या आणि प्रकरण झालं की माझ्याकडे पाठवत होत्या. नऊ छापून झाली होती. दहावं द्यायला त्यांची लेक आली, तेव्हा ती दाराशी थांबून म्हणाली होती, “यात माझ्या धाकट्या भावाचं आहे. तो गेला त्या दिवसाचं. पस्तीस वर्षं आमच्या घरात कुणी तो विषय काढलेला नाही. आई मलाही वाचू देत नाही. छापून आलं की वाच, म्हणते.”

“पहिली प्रत तुम्हालाच,” मी म्हणालो होतो. आश्वासनं देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

नक्कल नव्हती. हाताने लिहिलेल्या कागदाचं यंत्राने चित्र काढणं हा त्या हाताचा अपमान आहे, असा एक लेख मीच पूर्वी लिहिला होता. त्याची मात्र नक्कल आहे. आणि बाईंना ‘परत लिहा’ म्हणण्यात अर्थ नव्हता. आदल्या रविवारी त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, “आपण कोण?”

मी फरशीवर बसलो. ते प्रकरण आपणच लिहून काढावं, असा विचारही मनात येऊन गेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी काडीसुद्धा खोटी बनवायला निघालो होतो.

“अहो, फरशी ओली आहे,” बायको दारातून म्हणाली. मग माझ्या हातातलं पाकीट पाहून तिचा चेहरा बदलला. “उघडलंत?”

तेव्हा मला त्या प्रश्नात काही खटकलं नाही.

“पोलिसांना बोलाव,” मी म्हणालो.

“पोलिसांना ऱ्हस्व-दीर्घ तरी कळतं का? थांबा,” ती जरा नाइलाजानेच म्हणाली. “ताईला फोन करते.”

२

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तीस वर्षं तिने एका मोठ्या छापखान्यात मुद्रितं तपासली. माझ्याकडे खिळे जुळवायला असलेल्या जुळाऱ्याने तिचं नाव ‘शुद्धिपत्र’ ठेवलंय, अर्थात तिच्या माघारी. जगात घडतं ते सगळं बरोबर असायला हवं आणि नसेल तर चूक कुठल्या ओळीत आहे ते सापडायला हवं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. लग्नपत्रिकांतल्या चुका ती लग्नात दाखवते. त्यामुळे आता पत्रिका येत नाहीत.

“भावोजी, रडताय काय?” तिने चपला काढता काढता विचारलं. “माणूस गेलं का कुणी?”

“जवळजवळ.”

“जवळजवळ हा शब्द मी प्रुफात कधी ठेवला नाही.” ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पालथ्या घातलेल्या कपबशा तिने बोटाने मोजल्या. “धाकटे, दुपारी घरात तू आणि मागे तो जुळारी. चहा दोघांचा. कपबशा चार कशा?”

“धुतल्या असतील सकाळच्या.”

“सकाळच्या कपबशा अजून टपटपत नाहीत.”

“अगं बाई, मला काय विचारतेस? त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. माझा आणि त्या यंत्राचा छत्तीसचा आकडा. ते भंगारात गेलं की मी पेढे–” बायको माझ्याकडे बघून थांबली. “बरं, पेढे नाही. नुसती साखर वाटेन.”

“हा हेतू झाला,” ताई मला म्हणाली.

“तायडे!”

“शेवटचं प्रकरण मिळालं नाही तर पुस्तक अडेल. पुस्तक अडलं की यांचा धीर सुटेल आणि यंत्र भंगारात. सरळ आहे.” ताईने बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पण तुला दोरा तसा बांधता आला नसता. तू गाठ मारलीस की ती कात्रीनेच सुटते. चल, मला जुळाऱ्याकडे जाऊ दे.”

बायको पटकन म्हणाली, “त्याला आत्ता नको त्रास देऊस.”

ताई वळली. “का?”

बायकोने नळ सोडला आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला घेतल्या.

३

जुळारी सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी त्याला काका म्हणतो, तो मला मालक म्हणतो, आणि दोघांनाही ते फारसं खरं वाटत नाही. उभ्याउभ्या काम करून त्याचे पाय काठीसारखे झालेत, पण बोटं अजून चिमणीच्या चोचीसारखी चालतात. त्याच्यापुढे तिरकं ठेवलेलं लाकडी खोकं, त्यात लहान लहान कप्पे. प्रत्येक अक्षराचा कप्पा वेगळा. आम्ही त्याला घर म्हणतो. छापून झालं की खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या घरी परत टाकायचे.

“पाकीट तुम्ही घेतलंत?” ताईने विचारलं.

“ताई, सव्वीस वर्षांत मी इथून फक्त पाठदुखी घेतली.”

“काम कुठवर आलंय?”

“प्रस्तावना अडलीय. ‘ळ’ संपला.”

हे खरं होतं. चार दिवसांपूर्वी तो मला तेच म्हणाला होता आणि मी हताश होऊन, खिळे ओतणारे कारखाने कसे एकेक बंद पडले यावर त्याला अर्धा तास ऐकवलं होतं.

ताईने वाकून ‘ळ’चं घर पाहिलं. रिकामं. शेजारी ‘आ’ही तळाला लागला होता. “नऊ प्रकरणं छापून झाली. त्यांचे खिळे सुटे केलेत?”

“केलेत.”

“मग ‘ळ’ गेला कुठे? शिसं काही कापरासारखं उडून जात नाही.”

काका खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर फक्त भिंत आहे.

मी मध्ये पडलो. “ताई, त्याच्यावर संशय नको. काकांचे डोळे थोडे... म्हणजे हे बघा.” मी तिला परवाचं अनुक्रमणिकेचं प्रूफ दाखवलं. पृष्ठ तेहतीसच्या जागी त्रेसष्ट, एकसष्टच्या जागी एकतीस. पुस्तक पुढे जाऊन परत मागे येत होतं. त्यावरून मी काकाला नको ते बोललो होतो. डोळे दान केलेत की काय, असंही म्हणालो होतो.

ताईने प्रूफ डोळ्यांजवळ नेलं. मग ती काकाला म्हणाली, “काका, डोळे मिटा.”

“अं?”

“मिटा हो. आणि मला एक तीनचा खिळा काढून द्या.”

काकाने डोळे मिटले. हात हवेत गेला आणि न चुकता एका घरात उतरला. ताईने खिळ्यावर शाई लावून कागदावर दाबला.

कागदावर सहा उमटला.

“घर बरोबर, हात बरोबर,” ताई म्हणाली. “आत राहायला भलताच आलाय.” आणि ती माझ्याकडे वळली. “बाईंकडे चला. आत्ता.”

४

दार लेकीने उघडलं. आम्हाला आत घ्यावं की नाही, हे ती क्षणभर ठरवत होती.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मला पाहून त्या लगबगीने उभ्या राहिल्या. “या साहेब. तपासणी आज होती का? मला वाटलं उद्या.”

“आई, हे प्रकाशक. तुझं पुस्तक छापतायत.”

“हो का? छान. वर्गात पोरं किती आहेत तुमच्या?”

“दोनशे,” मी म्हणालो. दुसरा आकडा सुचला नाही.

“फार आहेत. लक्ष राहत नाही हो, साहेब.” हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

ताईने त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला. उजव्या हाताच्या चिमटीला करडी चकाकी होती. “हे काय लागलंय?”

“पेन्सिल,” लेक म्हणाली. “दिवसभर काहीतरी गिरवते.”

“घराबाहेर नेता की नाही यांना?”

“आता कुठे बाहेर पडते ती.”

दाराशी बाईंच्या चपला होत्या. तळाला ताजी माती. ताईने एक चपल उलटी करून पाहिली आणि पुन्हा होती तशी ठेवली.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पाकीट, प्रुफं, नक्कल नसणं. “तुमच्या भावाचं प्रकरण माझ्या हातून गेलं,” मी म्हणालो. “मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही.”

लेक रागावेल असं मला वाटलं होतं. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “त्या दिवशी त्याचा हात माझ्या हातात होता. मी सात वर्षांची, तो पाच. कालव्याच्या काठाने आम्ही चाललो होतो. पुढचं मला आठवत नाही. मीच त्याला न सांगता घेऊन निघाले असणार, मीच हात सोडला असणार, असं धरून मी पस्तीस वर्षं जगतेय. आई दिवसेंदिवस जातेय. ती गेली की मला कुणी सांगणारं उरणार नाही. कळतंय तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग विसरा चोरी. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात ना, शेवटचं प्रकरण वाचलं, अप्रतिम आहे, पुस्तकाचा कळस आहे? मग सांगा की. काय आहे त्यात?”

मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

जिना उतरताना ताई अर्ध्यावर थांबली. “भावोजी, एकच प्रश्न. तुम्ही ते प्रकरण उघडून तरी पाहिलं होतं?”

५

नव्हतं.

छापायला घेतलं की वाचूच, असं ठरवलं होतं. दरम्यान फोन आला आणि तोंडातून ‘अप्रतिम’ निघून गेलं. या धंद्यात हा शब्द श्वासासारखा निघतो. न वाचता लेखकाला ‘कळस आहे’ म्हणणारा मी पहिला प्रकाशक नव्हे. पकडला गेलेला बहुधा पहिला.

“बरं झालं कबूल केलंत. आता जुळलं,” ताई म्हणाली. “उद्या दोन वाजता नेहमीसारखे बाहेर पडा.”

दोन ते पाच मी रोज दुकानं हिंडतो. आमचा वितरण विभाग म्हणजे एक कापडी पिशवी आणि माझे दोन पाय. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यावर ताई उभी होती. तिने मला मागच्या गल्लीत वळवलं आणि चालता चालता सांगितलं.

“‘ळ’ संपला, म्हणजे ‘ळ’ने भरलेला मजकूर कुठेतरी जुळवून ठेवलाय. शाळा, फळा, वेळ, बाळ, पुन्हा शाळा. असं कोण लिहितं?”

“बाई. म्हणजे काकाने प्रकरण चोरून जुळवलं?”

“जुळवलं त्यानेच. पण तीनच्या घरात सहा त्याने टाकला नाही. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. तीन उलटा झाला की सहा दिसतो, सहा उलटा झाला की तीन. जुळारी ही चूक पहिल्या आठवड्यात करतो, नंतर जन्मात नाही. ही चूक अशा माणसाची, जो आकडा दिसेल तसा वाचतो. चाळीस वर्षं पाट्यांवरचे तीन आणि सहा सरळ वाचलेला माणूस.”

मी थांबलो. “बाई इथे येतात? छापखान्यात?”

“रोज दुपारी. बोटांना पेन्सिल नाही, शिसं लागलंय. लेक आणते, तुमची बायको मागचं दार उघडते. कपबशा चार.”

“पण प्रकरण हाताशी असताना बाई कशाला? कागद बघून जुळवायचं की.”

“तेच मला काल रात्रभर कळेना.” ताईने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “कागद बघून जुळवण्यासारखं त्यात काही नसेल तर?”

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

६

बाई खोक्यापाशी बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर सुट्या खिळ्यांचं ताट. एकेक खिळा चिमटीत धरून, डोळ्यांजवळ नेऊन, ‘चल बाळा, घरी चल’ म्हणत त्या घरात टाकत होत्या आणि मधूनच बोलत होत्या. काका हातात स्टिक घेऊन समोर उभा होता. स्टिक म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी. तो बाईंचं बोलणं ऐकून थेट शिशात जुळवत होता. समोर कागद नव्हता.

कागद लेकीच्या मांडीवर होते. अकरा पानं.

मला पाहून बायकोने हातातला ट्रे खाली ठेवला. “अहो, ओरडू नका. मी सांगणार होते.”

लेकीने पानं माझ्या हातात दिली. मी पहिलं वाचलं. शाळा सुटली, मुलं निघाली, आभाळ स्वच्छ होतं, कालव्याला पाणी सोडलं होतं. दुसरं वाचलं. शाळा सुटली, मुलं निघाली, आभाळ स्वच्छ होतं. तिसरं. चौथं. अकराही पानांवर तोच मजकूर होता, आणि अकराही वेळा तो कालव्यापाशी येऊन संपत होता.

“काकांनी जुळवायला पाकीट उघडलं तेव्हा कळलं,” लेक हळू आवाजात म्हणाली. “त्यांनी मला बोलावून घेतलं. मी तुम्हालाच सांगणार होते. तर त्याच संध्याकाळी तुम्ही फोनवर म्हणालात, अप्रतिम. एकच पान अकरा वेळा वाचून जो अप्रतिम म्हणतो, त्याला काय सांगायचं?”

त्यावर शुद्धिपत्र नसतं.

“पाकिटात प्रुफं मीच भरली. बाई ताट मांडीवर दिलं की बोलतात,” काका म्हणाला. “हात गुंतले की पुढचं सुचतं त्यांना. तीन-सहा उलटे पडतात, ते मी संध्याकाळी निवडून ठेवतो. एकदा राहून गेलं.” तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला डोळ्यांबद्दल काय बोललो होतो, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

“काका, मी त्या दिवशी–”

“श्श,” लेक म्हणाली. “आज पहिल्यांदा काठावर आलीय ती.”

पण बाईंनी मान वर केली होती. “या साहेब. हजेरीपट बघणार?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. एका ‘अप्रतिम’मुळे हे सगळं इथवर आलं होतं, आता माझा एक चुकीचा शब्द, आणि त्या पुन्हा पहिल्या ओळीवर.

“बघू या, बाई,” मी म्हणालो. “आज गैरहजर कोण?”

बाईंच्या चिमटीत एक खिळा होता. तो त्यांनी टाकला नाही.

“आमचा धाकटा,” त्या म्हणाल्या. काकाची बोटं सुरू झाली. “चूक माझी आहे, साहेब. रोज दोघांना मीच घरी नेते. काठावरून जाताना दोन बाजूंना दोघं. पण दुसऱ्या दिवशी तुमची तपासणी. शंभर वह्या बघायच्या राहिलेल्या. मी पोरीला म्हटलं, त्याला घेऊन पुढे हो, मी आलेच. ती नको म्हणत होती. पाण्याची भीती वाटते, म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, साहेब. वर्गाबाहेर काढलं दोघांना आणि कडी लावली.”

खोलीत फक्त खिळ्यांचा टिकटिक आवाज होता.

“सात वर्षांची पोर. तिने किती घट्ट धरायचं? आणि वह्या तुम्ही बघितल्याही नाहीत. नुसती सही केलीत. उत्तम, असा शेरा मारलात.”

“हो,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

लेक बाईंच्या पायाशी येऊन बसली होती. अनोळखी बाईने विचारावं तसं तिने विचारलं, “मग हे तुम्ही तुमच्या मुलीला सांगितलंत का?”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ओळख नव्हती. “सांगणार आहे ना. शाळा सुटून घरी येऊ दे तिला.”

लेक उठली. तोंडावर हात धरून मागच्या दाराने अंगणात गेली. माझी बायको तिच्यामागे निघाली. ताईने तिला मनगटाला धरून थांबवलं.

दार पुन्हा उघडलं. लेक उंबऱ्यावर उभी होती. केस कानामागे घेतलेले, हात अंगाला चिकटवलेले.

“आई, आले मी,” ती म्हणाली.

बाई बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मांडीवरचं ताट बाजूला सारलं.

“दप्तर कुठाय?”

“बाहेर ठेवलं.”

“बस इथे. अशी जवळ बस. तुला एक सांगायचंय.”

काकाने स्टिक उचलली आणि भुवयांनी मला विचारलं, घेऊ? मी मान हलवली, नाही. त्याने स्टिक खाली ठेवली. आम्ही चौघे एकामागून एक अंगणात आलो आणि दार मी बाहेरून ओढून घेतलं.

आत बाई बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. दाराला कान कुणी लावला नाही, ताईनेसुद्धा नाही.